ससेप्टिबलसमोरची रिकामी जागा

सर, शुक्रवारी फाइल द्यायची आहे आणि एस या अक्षरातली एक जागा अजून रिकामी आहे. बाकी ए पासून झेड पर्यंत सगळं झालं. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या आठवड्यात आपण 'झूम' सुद्धा संपवला, फोनवरून. राहिला तो एकच शब्द, ससेप्टिबल. त्याच्यापुढे तुमच्याच सांगण्यावरून मी लाल रंगात तीन टिंबं देऊन ठेवली होती. तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. फाइल उघडली की ती टिंबं आधी दिसतात.

पेपरात तुमच्याबद्दल चार ओळी आल्या. कुठल्या शाळेत किती वर्षं इंग्रजी शिकवलंत, मागे कोण कोण आहे, सगळं बरोबर होतं. पण तो माणूस मला ओळखता आला नाही. मला माहीत असलेले सर आठवड्यातून तीनदा कोथरूडहून बस बदलून कसबा पेठेत आमच्या दुकानात यायचे, शटर सताड उघडं असलं तरी बाहेरून "येऊ का?" विचारायचे, आणि अब्बांनी "या" म्हटल्याशिवाय पायरी चढायचे नाहीत. ते पेपरात कुठून येणार?

तुमचा शेवटचा आवाज माझ्या फोनमध्ये आहे. त्यात तुम्ही याच शब्दाबद्दल बोललात. पण बोलण्याआधी "लिहा" म्हणाला नाहीत. आपला नियम तुम्हाला ठाऊक आहे. लिहा म्हटल्याशिवाय मी लिहायचं नाही. मग आता मी काय करू? तुमचं उत्तर येणार नाही हे कळतंय मला, इतकी काही मी वेडी नाही. तरी विचारल्याशिवाय राहवत नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतोय? पुढच्या बाजूला अब्बांचं बाइंडिंग, खळीचा वास, आणि फळीच्या पार्टिशनमागे माझा कॉम्प्युटर. तुम्ही खाली उभे राहून आमची पाटी वाचत होतात. 'लग्नपत्रिका, प्रबंध, बाइंडिंग, सर्व अर्जंट मिळेल.' वाचून झाल्यावर गंभीरपणे म्हणालात, "अर्जंट काय मिळेल? लग्न की प्रबंध?" अब्बा हसले नाहीत, त्यांना गिऱ्हाईक आणि विनोद एकदम झेपत नाहीत. मी पार्टिशनमागे तोंडावर ओढणी धरली.

बुटांची चार खोकी होती तुमच्याकडे, आणि त्यात कार्डं. शाळेतल्या मुलांसाठी इंग्रजी-मराठी शब्दकोश करायचा होता. मराठी शाळेतलं मूल इंग्रजी शब्दाला घाबरतं ते अर्थ अवघड म्हणून नाही, तर कोशातलं मराठी त्याहून अवघड म्हणून, असं तुमचं म्हणणं. मी एक कार्ड हातात घेतलं आणि परत दिलं. तुमचं अक्षर दुसऱ्या दिवशी तुम्हालाही लागत नसे. म्हणून ठरलं की तुम्ही स्टुलावर बसून वाचायचं आणि मी टाइप करायचं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि सांगितलं ते करण्यात माझा हात कुणी धरला नसता. चाचा म्हणाले कॉलेज पुरे, मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. अब्बा म्हणाले डीटीपी शिक, शिकले. गल्लीतल्या बायका आईला म्हणायच्या, नशीबवान आहेस, पोरगी उलटून बोलत नाही. याचं मला कौतुक वाटायचं. तेव्हा तुम्ही वाचत गेलात आणि मी टाइप करत गेले. तुमच्या तोंडून जे पडेल ते.

पहिली चाळीस पानं प्रिंट काढून दिली आणि तुम्ही स्टुलावर बसून वाचायला लागलात. 'बॅशफुल: लाजाळू, संकोची, अहो तो पंखा जरा कमी करा.' पुढच्या पानावर 'ब्लंट: बोथट, धार गेलेला, तोंडाने फटकळ, या पेठेत सगळेच.' त्याच्याही पुढे 'बोअर: कंटाळा आणणे, आला वाटतं तो परत पत्रिकावाला.' काम गेलं, आता अब्बा बोलणार. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, आणि पार्टिशनवरून अब्बांना म्हणालात, "अहो, तुमच्या मुलीने माझं आत्मचरित्र टाइप केलंय."

मग माझ्याकडे वळून विचारलंत, "पंख्याचं वाक्य लिहिताना तुम्हाला खटकलं नाही?"

"खटकलं ना, सर."

"मग का लिहिलंत?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत. रागावला नव्हतात. मला वाटतं तुम्हाला जरा भीती वाटली. मग तो नियम केलात. तुम्ही "लिहा" म्हणाल तेच लिहायचं. आणि लिहा म्हटलं तरी अर्थ पटला तरच लिहायचं. नाही पटला तर बोटं थांबवायची, कार्ड बाजूला. "ज्या अर्थाला टाइप करणाऱ्याची मान हलत नाही, त्याला पाचवीतल्या मुलाची काय हलणार?" असं म्हणालात. मला वाटलं पुढचा आठवडाभर हे चालेल आणि मग विसराल. नऊ वर्षं चाललं.

डी ला तुम्ही 'डोसाइल' काढलंत. सांगितलं ते मुकाट्याने ऐकणारा, असा अर्थ वाचलात. तो पटला. मग म्हणालात, "उदाहरण लिहा. आमच्या टायपिंगच्या बाई डोसाइल आहेत. लिहा." अगदी सहज, चहाची ऑर्डर द्यावी तसं. माझी बोटं थांबली. बाहेर अब्बांची हातोडीही थांबली, त्यांचा एक कान कायम पार्टिशनला असायचा.

"नाही लिहिणार," मी म्हणाले.

"का?"

"मला नाही पटलं."

"मग कुणाचं उदाहरण देऊ?"

"तुमचंच द्या. बसमध्ये कंडक्टर 'पुढे सरका' म्हणाला की सरकता ना मुकाट्याने?"

अब्बा बाहेरून ओरडले, "नसीम! सर से कैसे बात करती है!" पण तुम्ही पेन्सिलीने कार्डावर खाडाखोड करत होतात आणि तुमचे खांदे हलत होते. कंडक्टर आणि प्रवाशांचं ते वाक्य डी मध्ये आहे, छापलं जाणार आहे. माझ्या आयुष्यातलं पहिलं 'नाही' एका शब्दकोशात जातंय, हे कुणाला सांगून खरं वाटेल? तुम्ही ते उदाहरण मुद्दाम काढलं होतं का, हे मला नेहमी विचारायचं होतं. दरवेळी वाटायचं, विचारू निवांतपणे.

आपलं निवांत म्हणजे काय होतं तरी. तुम्ही दहाला यायचात, साडेबाराला जायचात. मधे एकदा चहा. रमजानमध्ये तो चहाही तुम्ही बंद केलात. अब्बा दरवर्षी आग्रह करायचे, सर, तुम्हाला कुठे रोजा आहे, घ्या. आणि तुम्ही दरवर्षी तेच सांगायचात, "समोरचा माणूस उपाशी टाइप करतोय आणि मी बिस्किट बुडवतोय, हे बरं दिसत नाही." ईदला मात्र शीरखुर्म्याची वाटी दोनदा पुढे करायचात आणि वर म्हणायचात, पहिली वाटी चवीसाठी, अर्थ दुसऱ्या वाटीत कळतो.

तुमच्यावर रागही आला होता मला, तोही सांगते. एम च्या सुमाराला प्रकाशकांकडचे ते गृहस्थ दुकानात आले, पानं चाळली, आणि माझ्याकडे बोट करून तुम्हाला विचारलं, "या कोण?" तुम्ही म्हणालात, "या टायपिंग करतात." खोटं काय होतं त्यात? काहीच नाही. पण मी दिवसभर बोलले नाही, आणि तुम्हाला ते कळलं. दोन दिवसांनी तुम्ही नवीन कार्ड आणलंत, पुस्तकाच्या पहिल्या पानाचं. वर तुमचं नाव, 'संकलन'. खाली 'शंका: नसीम'.

"असं असतं का कुठे, सर?" मी म्हटलं.

"नसतं. म्हणून तर कोश असे होतात."

पहिलं पान प्रकाशकांच्या हातात, त्यांनी ती ओळ प्रूफात काढली. तुम्ही परत घातली. त्यांनी परत काढली. आता ती आहे की नाही मला माहीत नाही, आणि खरं सांगू, आता तिची इतकी काळजीही वाटत नाही. ते कार्ड माझ्याकडे आहे. तुम्हाला त्या दिवशी थँक्यू म्हणायचं राहिलं, कारण मी तेव्हा रुसलेली होते आणि रुसवा एकदम सोडला तर तोंडघशी पडल्यासारखं वाटतं.

आणि मग एस आला.

तुम्ही वाचलंत, "ससेप्टिबल. चटकन बळी पडणारा, कच्च्या मनाचा. लिहा." मी थांबले. तुम्हाला सवय होती, तुम्ही नुसती भुवई वर केलीत. मी म्हटलं, आधी सांगा, हा शब्द वापरतात कुठे? तुम्ही शाळेत सांगत असाल तसं सांगितलंत. माणूस थंडीला ससेप्टिबल असतो, म्हणजे वारा लागला की शिंका. एखादा रोगाला असतो, एखादा खुशामतीला. शब्दानंतर 'टू' येतो आणि 'टू' च्या पुढे जे येतं त्यावर सगळं ठरतं.

"अब्बांना कागदाची धूळ लागते, लगेच खोकला," मी म्हटलं. "ते कच्चे झाले?"

"बरं. 'चटकन बाधा होणारा' असं घालू."

"आणि 'टू' च्या पुढे चांगलं काही येतच नाही?"

तुम्ही म्हणालात, "येतं. सौंदर्याला, मायेला, समजावण्याला ससेप्टिबल, असं म्हणतात."

"मग मायेला बळी पडणारा लिहू? मायेची बाधा होणारा लिहू?"

मग आपण दोघांनी शब्द काढायला सुरुवात केली आणि तुम्ही एकेकाला बाहेरचा रस्ता दाखवलात. हळवा? "हळव्या माणसाला कारण लागत नाही." संवेदनशील? "तो शब्द आता फक्त समारंभाचे अध्यक्ष वापरतात." प्रभावक्षम? "तुमच्या घरात कुणी म्हणतं का, आज मी फार प्रभावक्षम आहे?" शेवटी बाहेरून अब्बा म्हणाले, त्यांचा तो एक कान, "सर, 'लागतं' म्हणा की. कुणाला हवा लागते, कुणाला नजर लागते, कुणाला चांगली संगत लागते. माणूस तोच, लागणारी चीज वेगळी."

मी खुर्चीतून उठलेच. हेच ते! वारा लागतो, बोललेलं लागतं, औषध लागू पडतं. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला. 'ज्याला चटकन लागतं असा.' यात दोष नाही, कौतुक नाही, जे आहे ते आहे.

तुमचा चेहरा उतरला. तुम्ही म्हणालात, "नाही. 'बळी' या शब्दात इशारा आहे. मुलांना सावध करायला नको?"

"कोशाने अर्थ सांगायचा की सावध करायचं?"

"दोन्ही."

"मग 'मँगो'पुढे लिहा, फार खाऊ नये."

हे मी बोलायला नको होतं. तुम्ही छत्री उचललीत आणि चहा न घेता गेलात. पुढचे आठ दिवस आला नाहीत. अब्बांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मला रोज दहा वाजता शटरकडे बघायची सवय होती, ती त्या आठवड्यात फार महागात पडली.

नवव्या दिवशी "येऊ का?" ऐकू आलं. स्टुलावर बसलात, खोकं उघडलं नाहीत. मग सांगितलंत. तरुणपणी तुम्ही असाच एक शब्दसंग्रह केला होता, सहा वर्षं खपून. एका मोठ्या माणसाने घरी बोलावलं, तुमच्यासारखा अभ्यासू मुलगा पाहिला नाही म्हणाला, वाचायला म्हणून वह्या ठेवून घेतल्या. पुस्तक आलं, त्याच्या नावावर. आत कुठेही तुमचं नाव नाही. "दोन गोड वाक्यांवर सहा वर्षं दिली मी, नसीम. दोन वाक्यांवर. ससेप्टिबल म्हणजे काय, हे मला कोशात बघावं लागत नाही." इतक्या वर्षांत हे तुम्ही तुमच्या मुलीला, अंजलीताईंनाही सांगितलं नव्हतं, असं त्या आता म्हणाल्या.

"तूर्त टिंबं द्या," म्हणालात. मी नुसती लाल टिंबं दिली आणि आपण पुढच्या शब्दाला लागलो. सर, मी तुम्हाला त्या दिवशी काय म्हणायला हवं होतं ते मला आत्ता सुचतंय, या बारा दिवसांत. चोरी त्याने केली. त्याच्यासाठी कोशात वेगळे शब्द आहेत आणि ते आपण सगळे घातलेत. तुम्ही ससेप्टिबल हा शब्द घेऊन तो आयुष्यभर स्वतःला का टोचत बसलात? तुम्हाला माणसांचं चांगलं बोललेलं लागायचं, यात तुमचं काय चुकलं? तसे नसता तर पावलोपावली थांबवणाऱ्या टायपिंगवालीचं ऐकून घेतलं असतंत का? हे सुचायला मला उशीर झाला. फार वाईट वाटतं त्याचं.

मग तुमचं आजारपण. अंजलीताईंचा फोन आला तशी मी हॉस्पिटलमध्ये आले. तुम्ही झोपला होतात आणि त्या औषधं आणायला खाली जाताना रिपोर्टची फाइल माझ्या हातात देऊन गेल्या. मी आपली सवयीने वाचायला लागले, आणि बघते तर औषधांची लांबलचक यादी आणि निम्म्या औषधांपुढे तोच शब्द. ससेप्टिबल, ससेप्टिबल, ससेप्टिबल. मला तुमचा 'चटकन बळी पडणारा' आठवला. राउंडला डॉक्टर आले त्यांना विचारलं. ते म्हणाले, चांगलंय की, तुमच्या पेशंटच्या अंगातला जंतू या औषधांना दाद देतो, म्हणजे ही औषधं लागू पडणार.

तुम्ही जागे झालात तेव्हा मी विजयी मुद्रेने कागद तुमच्या डोळ्यांपुढे धरला. "बघा सर. इथे ससेप्टिबल असणं चांगलं आहे. डॉक्टर स्वतः 'लागू पडणार' म्हणाले."

तुम्ही चष्म्याशिवाय कागदाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "कुणाच्या दृष्टीने चांगलं? जंतूला विचारलंत का?"

शेजारच्या कॉटवरचे आजोबासुद्धा हसले. तुम्हाला हसताना मी पाहिलं ते शेवटचं.

औषधं लागू पडली, तुम्ही घरी आलात. पण जोर परत आला नाही. कोथरूडहून पेठेत येणं बंद झालं आणि तुम्ही फोनवर आवाज पाठवायला लागलात. रोज सकाळी पाच-सहा शब्द. आधी "लिहा", मग शब्द, मग अर्थ, मग "झालं". खोकला, कुकरची शिट्टी, अंजलीताईंचं "बाबा, पुरे आता", हे सगळं 'लिहा'च्या बाहेर. मी मान हलवायचे, फोनवर मान कशी दिसणार, म्हणून नुसतं 'पटलं' असं लिहून पाठवायचे.

आणि शेवटचा तो. त्यात "लिहा" नाही. तुम्ही म्हणता, "नसीम, रात्रपाळीला एक नर्स ठेवलीय. वाशीमकडची आहे, बोलणं मोठं गमतीचं. काल ताप होता तर कपाळावर हात ठेवून म्हणाली, 'आजोबा, काही होत नाही तुमाले, मी हाये ना.' वैद्यकीयदृष्ट्या या वाक्याला काही अर्थ नाही. पण मला बरं वाटलं हो. लगेच वाटलं. तेव्हा ते ससेप्टिबल... तुम्ही म्हणत होता ते..." मग खोकला. बराच वेळ. मग, "असू दे. चहा झाला का तुमचा?"

झाला होता, सर. मी तसं लिहून पाठवलं. पण ते तुम्ही वाचलं नाहीत.

दहाव्या दिवशी अंजलीताई दुकानात आल्या. चारही खोकी रिक्षातून आणली होती. "बाबांनी सांगून ठेवलं होतं, ही नसीमकडे जातील. राहिलंय ते तुम्ही बघा." मी म्हटलं, ताई, एक शब्द अडलाय, तुम्ही सांगा काय घालू. त्या थकलेल्या होत्या. म्हणाल्या, "मी बँकेत काम करते हो. मला काय कळतंय त्यातलं? बाबा तुमचंच नाव घ्यायचे."

अब्बांना विचारलं. ते रात्रभर विचार करत होते. काल खळ ढवळता ढवळता म्हणाले, "जाने वाले का लफ्ज़ है बेटा. मत छेड़." गेलेल्या माणसाचा शब्द मोडू नये, हे मलाही कळतं. आणि अब्बांनी सांगितलेलं न ऐकणं मला अजूनही जड जातं. म्हणजे बघा, कार्डावरचं टाइप केलं की झालं, दोन मिनिटांचं काम, कुणी काही म्हणणार नाही. उलट लोक म्हणतील, किती इमानी. आणि तुम्ही ज्या मुलीला नऊ वर्षं बोटं थांबवायला शिकवलंत, ती पुन्हा पंखा कमी करायचं वाक्य टाइप करून मोकळी होईल.

इथपर्यंत लिहिलं ते बुधवारी. पुढचं आज शुक्रवारी लिहितेय.

काल सकाळी दहाला मी फाइल उघडली आणि टिंबं पुसली. तुमचा अर्थ काढला नाही. तो पहिला ठेवला, कारण तो तुमच्यावर गुदरला होता आणि तुमच्यासारख्या आणखी कुणावर गुदरेल तेव्हा त्या मुलाला तो तिथे सापडायला हवा. त्याच्याखाली दुसरा घातला. 'ज्याला एखादी गोष्ट (वारा, रोग, बोल, माया, संगत) चटकन लागते असा.' उदाहरण: 'काही माणसांना चांगली संगत चटकन लागते.' दोन अर्थ देऊन भांडण मिटवणं तुम्हाला आवडायचं नाही. हे भांडण मिटलेलं नाहीच, ते आता छापून येईल. तुमच्या शेवटच्या निरोपाचाही मी आधार घेतला नाही. तापातल्या माणसाकडून होकार वळवून घेतला असं व्हायला नको. तुम्ही धडधाकट असतात तर अजून दोन वर्षं वाद घातला असतात, आणि तो ऐकायला मी काहीही दिलं असतं.

टाइप करून झाल्यावर मात्र मी रडले. बारा दिवसांत नीट रडले नव्हते. अब्बांनी हातोडी ठेवली, आत आले, स्क्रीनवर वाकून दोन्ही अर्थ सावकाश वाचले. 'लागतं' पाशी थांबले. "ये तो मैंने बोला था," म्हणाले. आणि मग पार्टिशनला पाठ लावून तेही रडले, तुमचं रिकामं स्टूल शेजारी होतं पण त्यावर बसले नाहीत.

सर, 'नाही' म्हणायला शिक असं मला कुणी म्हटलं नाही, तुम्हीही नाही. तुम्ही फक्त दर शब्दाला थांबून माझ्या मानेकडे बघायचात. माझं पटणं कुणाला तरी हवंय, हे मला चोविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. एखाद्याला ते लागलं नसतं. मला लागलं. इतकंच तुम्हाला सांगायचं होतं, आणि ते सांगायला मला तुमच्याच कोशातला शब्द भांडून बदलावा लागला.

आज सकाळी फाइल पाठवली, आणि दुपारी प्रकाशकांकडून फोन आला. तेच गृहस्थ.

"मॅडम, फाइल मिळाली. एस मध्ये एका शब्दाला दुसरा अर्थ आहे, तो सरांच्या कार्डावर नाहीये."

"नाहीये."

"मग दिला कुणी?"

"मी."

मग म्हणाले, "नाही, म्हणजे... तुम्ही टायपिंग करता ना?"

"हो," मी म्हणाले. "टायपिंगही मीच केलंय."